केस कीनमचे १९,२१७ यार्ड: श्रेय पद्धतीचं की माणसाचं?

सुधन्वा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर इथे बोलणं होतं ते तुकड्यातुकड्यांत, गप्पांच्या पानावर. एका खेळाडूची कारकीर्द सलग उलगडणारा धागा हवा होता, म्हणून हा काढतोय. केस कीनम निवडला कारण कॉलेजच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, कारकिर्दीतल्या पासिंग यार्डांचा, म्हणजे पास टाकून मिळवलेल्या अंतराचा, विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. आणि त्याच्याइतका "हे सगळं पद्धतीचं फळ" म्हणून बाजूला सारला गेलेला क्वार्टरबॅकही (संघाचा पास टाकणारा खेळाडू) कमीच.

आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही. टचडाउन म्हणजे पासवर शेवटच्या रेषेपार नेलेला चेंडू, इंटरसेप्शन म्हणजे विरोधकांनी पकडलेला पास. संघ एकच, ह्यूस्टन विद्यापीठ.

२००७: २७३ पैकी १८७ पास पूर्ण, २,२५९ यार्ड, १४ टचडाउन, १० इंटरसेप्शन
२००८: ५८९ पैकी ३९७, ५,०२० यार्ड, ४४ टचडाउन, ११ इंटरसेप्शन
२००९: ७०० पैकी ४९२, ५,६७१ यार्ड, ४४ टचडाउन, १५ इंटरसेप्शन
२०१०: ६४ पैकी ४२, ६३६ यार्ड, ५ टचडाउन, ५ इंटरसेप्शन (तीनच सामने)
२०११: ६०३ पैकी ४२८, ५,६३१ यार्ड, ४८ टचडाउन, ५ इंटरसेप्शन

एकूण २,२२९ पैकी १,५४६ पास, १९,२१७ यार्ड, १५५ टचडाउन, ४६ इंटरसेप्शन. पाच हजारांवर यार्डांचे तीन हंगाम दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात. टेक्ससमधल्या ॲबिलीनच्या वायली हायस्कूलचा मुलगा, राज्यविजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, तरी शिष्यवृत्तीचं बोलावणं एकाच विद्यापीठाचं आलं. ते ह्यूस्टन, आणि कोच आर्ट ब्राइल्स. २००६ चं वर्ष रेडशर्ट, म्हणजे संघात असून सामने नाहीत. २००७ मध्ये ब्लेक जोसेफबरोबर जागा वाटून घेतली. त्या हंगामानंतर ब्राइल्स बेलरला गेले आणि केव्हिन समलिन आले. त्यांच्याबरोबर ऑफेन्स सांभाळायला डेना होल्गर्सन आले आणि तिथून "एअर रेड" ही सतत पास टाकण्याची पद्धत सुरू झाली.

---

नंदन_क

धागा उत्तम. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. ह्यूस्टन म्हणजे पाटा खेळपट्टी. तिथे १९८९ मध्ये आंद्रे वेअर हाइझमन, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला, १९९० मध्ये डेव्हिड क्लिंग्लरने ११ सामन्यांत ५४ टचडाउन टाकले. त्यातले ११ ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध एकाच सामन्यात, आणि टोकियोत ॲरिझोना स्टेटविरुद्ध ७१६ यार्ड. तेव्हा पद्धत "रन अँड शूट" होती, कीनमच्या काळात एअर रेड. दोन्हींत पासांचा नुसता पाऊस. शिवाय ह्यूस्टनच्या गटातले, म्हणजे कॉन्फरन्स यूएसएमधले, बचाव काही टेक्सस किंवा अलाबामाचे नव्हेत.

त्यात कॉलेजचे नियम. तेव्हा प्रत्येक फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड पार झाल्यावर, अंतर मोजायची साखळी पुढे नेईपर्यंत घड्याळ थांबायचं. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, तसं नाही. भराभर खेळणाऱ्या संघाला त्यातून जास्तीचे स्नॅप, म्हणजे जास्तीचे डाव, मिळायचे. २०२३ पासून हा नियम प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरता उरला. २००९ मध्ये १४ सामन्यांत ७०० पास, म्हणजे सामन्याला ५०. इतके चेंडू मिळाले तर धावा होणारच.

---

सुधन्वा

नियमाबद्दल पूर्ण सहमत. पण तुमच्याच ७०० च्या शेजारी २०११ चे ६०३ ठेवा.

पास ९७ ने कमी, यार्ड फक्त ४० ने कमी. टचडाउन चार जास्त. इंटरसेप्शन १५ वरून ५. विद्यापीठ तेच, मुख्य कोच तेच, मैदान तेच रॉबर्टसन स्टेडियम, पद्धत तीच. होल्गर्सन २०१० लाच ओक्लाहोमा स्टेटला गेले होते, म्हणजे पद्धत बसवणारा माणूसही आता नव्हता. पाटा खेळपट्टी दोन्ही वर्षी होती, मग हा फरक कशाने पडला? माझ्या मते याचं उत्तर पद्धतीत सापडत नाही. चेंडू कधी टाकायचा नाही, हे कीनमला २०११ मध्ये कळलं होतं.

एका पासमागे यार्ड काढले तर २००८ मध्ये ८.५२, २००९ मध्ये ८.१०, २०११ मध्ये ९.३४.

---

ओंकार_टी

+१. "पद्धत" म्हणजे क्वार्टरबॅकला आयतं ताट वाढलेलं, असा समज असेल तर दोन प्ले, म्हणजे ठरवून बसवलेल्या चाली, जवळून बघूया.

पहिला "मेश". दोन रिसीव्हर (पास झेलणारे) विरुद्ध बाजूंनी आडवे धावतात आणि डाव जिथून सुरू होतो त्या रेषेपासून साधारण सहा यार्डांवर एकमेकांना ओलांडतात. एक जण सहा यार्डांची उंची धरतो, दुसरा त्याच्या किंचित खालून जातो. दोघांमध्ये अंतर इतकंच की हात लांबवला तर टाळी देता येईल. बचावाचे खेळाडू माणसाला माणूस लावून आले असतील तर तेच एकमेकांत अडकतात. झोन, म्हणजे जागा वाटून केलेला बचाव, असेल तर दोघे धावत सुटत नाहीत, मोकळी फट दिसली की थांबून तोंड क्वार्टरबॅककडे करतात. त्याच वेळी एक जण कोपऱ्याकडे खोल पळतो आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बाजूच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे कडेजवळच्या उथळ जागेत. क्वार्टरबॅकने आधी कोपऱ्यावर नजर टाकायची, मग मेश, मग फ्लॅट. हे सगळं सुमारे अडीच सेकंदांत.

बिघडतं कुठे? अंतर हातभराचं हवं ते दोन यार्डांचं झालं की मधून बचावपटू सरकतो आणि प्ले मेला. रिसीव्हरने स्वतःहून धक्का दिला तर दंड. आणि क्वार्टरबॅक कोपऱ्याकडे जरा जास्त रेंगाळला तर मेशचा माणूस फट ओलांडून पुढच्या बचावपटूच्या अंगावर पोचलेला असतो. तेव्हा टाकलेला चेंडू एकतर रिसीव्हरला आडवा करणारा नाहीतर सरळ समोरच्याच्या हातात.

दुसरा "फोर व्हर्टिकल्स". चौघे सरळ खोल. बाहेरचे दोघे कडेने, आतले दोघे हॅशच्या रेषेवर, म्हणजे ज्या दोन खुणांवर किंवा त्यांच्यामध्ये चेंडू ठेवून डाव सुरू होतो त्यांच्या रेषेवर. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. मधोमध एकच सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) उभा असेल तर ४० फुटांवरच्या दोघांना तो एकटा धरू शकत नाही. तो ज्याच्याकडे झुकेल त्याच्या विरुद्ध टाकायचं. दोन सेफ्टी असतील तर आतला एक रिसीव्हर मधल्या मोकळ्या जागेकडे वळतो. आणि डोक्यावर बचावपटू असेल तर रिसीव्हर पुढे न पळता थांबून मागे फिरतो. त्याला ही मुभा असते.

खरा धोका या मुभेतच आहे. चेंडू रिसीव्हर थांबायच्या आधी सुटतो. दोघांनी बचाव एकसारखा वाचला तर झेल. क्वार्टरबॅकला वाटलं थांबेल आणि तो पळत राहिला, तर चेंडू रिकाम्या जागेत, जिथे फक्त कॉर्नर (कडेचा बचावपटू) उभा. एअर रेडमध्ये प्लेची यादी मुद्दाम छोटी ठेवतात आणि तेच ते घोटून घेतात, ते यासाठी.

---

नंदन_क

हॅशचा मुद्दा पटला. पण ४० फुटांनी फायदाच होतो ना? रुंद बाजूला मोकळं रान.

---

ओंकार_टी

रान मोकळं, पण पल्लाही लांब. मैदान १६० फूट रुंद, म्हणजे कडेपासून हॅश ६० फुटांवर. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी कड १०० फूट, ३३ यार्डांवर. शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक रेषेच्या पाच यार्ड मागे. समजा उजव्या कडेच्या पाच यार्ड आत, दहा यार्ड पुढे "आउट", म्हणजे कडेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला पास, टाकायचाय. आडवे २८, उभे १५. म्हणजे चेंडू हवेत जवळजवळ ३२ यार्ड जातो, आणि फळ दहाच यार्डांचं. हात कमी पडला की चेंडू तरंगतो, कॉर्नर पुढे झेपावतो आणि समोर कुणी नसतं. सरळ टचडाउन खातो.

कीनमचा हात काही तोफेचा नव्हता. त्याचं बलस्थान होतं चेंडू लवकर सोडणं. रिसीव्हर वळायच्या आधी हात खाली आलेला असायचा. हात मध्यम असलेल्याला एवढा एकच मार्ग असतो, आणि त्यासाठी बचाव स्नॅपच्या आधी वाचता यावा लागतो.

---

मधुरा_पी

२०१० वर कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते कारकीर्द तिथेच फिरली.

१८ सप्टेंबर २०१०, रोझ बोल स्टेडियम, समोर यूसीएलए विद्यापीठ. कीनमचा पास अकीम एअर्सने पकडला. त्याला अडवायला कीनम धावला आणि उजव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला. त्याच सामन्यात बदली क्वार्टरबॅक कॉटन टर्नरचं हासळीचं हाड मोडलं. उरलेला हंगाम पहिल्या वर्षाच्या पोरांवर, टेरन्स ब्रॉडवे आणि डेव्हिड पिलँड यांच्यावर, आणि संघ ५-७. पाटा खेळपट्टीवाल्यांसाठी हाही पुरावा आहे: पद्धत तीच, रिसीव्हर बरेचसे तेच, फेकणारा बदलला आणि विजय अर्ध्यावर आले.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय हा रेटा देणारा पाय. डाव्या पायावर वजन येतं, पण ताकद निघते मागच्या उजव्या पायातून. तो गुडघा विश्वासाचा राहिला नाही की क्वार्टरबॅक नुसत्या दंडाने फेकायला लागतो, चेंडू उंच जातो आणि इंटरसेप्शन वाढतात. परतल्यावर त्याचे ६०३ पासांत पाचच गेले, त्यावरून पुनर्वसन किती नेटकं झालं असेल ते कळतं.

आता सहाव्या वर्षाचं. तेव्हाचा सर्वसाधारण नियम: पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम. दुखापतीमुळे गेलेला हंगाम परत मिळवायचा तर ती हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी आणि ३० टक्क्यांहून जास्त सामने खेळलेले नकोत. १२ पैकी ३ म्हणजे २५ टक्के, इथे बसतं. पण २००६ चं रेडशर्ट आधीच वापरलेलं, त्यामुळे पाच वर्षांची मुदतही संपली होती. ती वाढवणं एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या हातात, आणि जानेवारी २०११ मध्ये परवानगी आली. ती नसती तर आकडा १३,५८६ वर थांबला असता.

पुढचा हंगाम पुन्हा यूसीएलएविरुद्धच सुरू झाला, या वेळी घरच्या मैदानावर. ३८-३४ ने जिंकले.

---

सुधन्वा

मधुरा, फार चांगली भर.

२०११ चे टप्पे इथेच नोंदवून ठेवतो. २७ ऑक्टोबरला राइसविरुद्ध, पावसात, ९ टचडाउन पास आणि ५३४ यार्ड. निकाल ७३-३४. त्या रात्री ग्रॅहम हॅरलचा १३४ टचडाउनचा विक्रम मोडला. पॅट्रिक एडवर्ड्सने एकट्याने पाच झेलले. याच एडवर्ड्सचा पाय २००८ मध्ये मार्शलच्या मैदानात, सीमेपलीकडे उभ्या असलेल्या बँडच्या गाड्याला धडकून मोडला होता. ५ नोव्हेंबरला यूएबीविरुद्ध टिमी चँगचे १७,०७२ यार्ड मागे पडले.

१२-० झाल्यावर ३ डिसेंबरला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, तेही घरी, सदर्न मिसने ४९-२८ ने हरवलं. बीसीएसची, म्हणजे मोजक्या अव्वल संघांसाठीची, मोठी बोल (हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना) हातातून गेली. पाठोपाठ समलिन टेक्सस ए अँड एमला गेले. क्वार्टरबॅकचे कोच क्लिफ किंग्सबरीही नंतर तिकडेच. हाइझमनमध्ये कीनम सातवा आला. पहिला आला बेलरचा रॉबर्ट ग्रिफिन, ज्याने आधी ह्यूस्टनला होकार दिला होता आणि ब्राइल्सच्या मागे बेलरला गेला. ब्राइल्स राहिले असते तर हे दोघे एकाच जागेसाठी झगडले असते. हा विचार मनातून जात नाही.

---

नंदन_क

चँगशी तुलना करायची तर चँगवर अन्याय होऊ नये. हवाईत जून जोन्सच्या हाताखाली त्याने तो विक्रम केला.

---

सुधन्वा

अन्याय नको, आकडेच बघू. चँगने २,४३६ पास टाकले, पूर्ण १,३८८, म्हणजे ५७ टक्के. इंटरसेप्शन ८०. एका पासमागे ७.० यार्ड. कीनमचे पास २०७ ने कमी, पूर्ण ६९.४ टक्के, एका पासमागे ८.६२.

खरा अन्याय झाला तो टाय डेटमरवर. ब्रिगहॅम यंगमध्ये १९८८ ते ९१ त्याचे १५,०३१ यार्ड. तेव्हा बोल सामन्यांचे आकडे एनसीएए कारकिर्दीत धरत नसे. ते सुरू झालं २००२ पासून. डेटमरने १९८९ च्या हॉलिडे बोलमध्ये पेन स्टेटविरुद्ध ५७६ यार्ड टाकले, ते एकूणात नाहीत. कीनमचा शेवटचा सामनाही पेन स्टेटविरुद्धच, २ जानेवारी २०१२, डॅलसमध्ये. ३०-१४ विजय आणि ५३२ यार्ड. ते मात्र धरलेत. जुने आणि नवे विक्रम शेजारी ठेवताना ही गोष्ट आधी तपासावी.

आणखी एक फरक: सॅकमध्ये, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेल्यावर, गमावलेले यार्ड कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. कीनमचे धावण्याचे ८९७ यार्ड ही वजाबाकी होऊन उरलेले आहेत.

---

केतकी_ह

पासर रेटिंग, म्हणजे पास टाकणाऱ्याच्या कामगिरीचा एकत्रित आकडा, कसं काढतात ते कुणी पायरीपायरीने लिहाल का? एनएफएलचं आणि कॉलेजचं वेगळं येतं.

---

ओंकार_टी

कॉलेजचं सोपं आहे. यार्ड गुणिले ८.४, टचडाउन गुणिले ३३०, पूर्ण पास गुणिले १००. तिन्हींची बेरीज. त्यातून इंटरसेप्शन गुणिले २०० वजा. आलेल्या आकड्याला एकूण पासांनी भागायचं.

कीनम २०११: ४७,३००.४ + १५,८४० + ४२,८०० = १,०५,९४०.४. वजा १,०००. भागिले ६०३. उत्तर १७४.०.
२००९: ४७,६३६.४ + १४,५२० + ४९,२०० = १,११,३५६.४. वजा ३,०००. भागिले ७००. उत्तर १५४.८.

सूत्राचा दोष असा की इंटरसेप्शनची शिक्षा फार हलकी आहे. २०० गुण म्हणजे २४ यार्डांहूनही कमी. मैदानावर एका इंटरसेप्शनची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते. त्यामुळे २००९ आणि २०११ मधला खरा फरक या १९ गुणांपेक्षा जास्त आहे.

एनएफएलच्या सूत्रात चार घटक वेगवेगळे काढतात, प्रत्येकाला वरची आणि खालची मर्यादा असते आणि कमाल १५८.३ येतं. दोन्ही आकडे कधीही शेजारी ठेवू नका.

---

नंदन_क

माझा एक मुद्दा अजून उभा आहे. ३१ डिसेंबर २००९, आर्म्ड फोर्सेस बोल, एअर फोर्सविरुद्ध ४७-२० पराभव आणि एकाच सामन्यात सहा इंटरसेप्शन. हंगामाच्या १५ पैकी सहा!

---

सुधन्वा

खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. आदल्या वर्षी त्याच बोलमध्ये त्याच संघाला ह्यूस्टनने ३४-२८ ने हरवलं होतं, १९८० नंतरचा पहिला बोल विजय. फरक कुठे पडला? एअर फोर्स ट्रिपल ऑप्शन खेळतं, चेंडू जमिनीवरून, घड्याळ खात. त्यांनी आघाडी घेतली की तुम्हाला चेंडू मिळतोच कमी वेळा. मग प्रत्येक वेळी मोठं काहीतरी काढायचा मोह होतो, आणि समोरच्याला माहीत असतं की पासच येणार. बचावपटू मागे बसून वाट बघतात.

पण त्याच हंगामात स्टिलवॉटरला जाऊन पाचव्या क्रमांकाच्या ओक्लाहोमा स्टेटला ४५-३५ ने हरवलं, आणि टेक्सस टेकविरुद्ध शेवटच्या मिनिटात कीनम स्वतः चेंडू घेऊन चार यार्ड पळाला, २९-२८. हे बचाव कॉन्फरन्स यूएसएचे नव्हते.

---

मधुरा_पी

पुढचं थोडक्यात. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, कुणी घेतलं नाही. ह्यूस्टन टेक्सन्सच्या सराव संघातून सुरुवात, मग रॅम्स. २०१७ मध्ये मिनेसोटात सॅम ब्रॅडफर्ड जखमी झाला म्हणून संधी मिळाली: सुरुवातीपासून खेळलेल्या १४ पैकी ११ सामने जिंकले, ३,५४७ यार्ड, २२ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. १४ जानेवारी २०१८ चा सेंट्सविरुद्धचा तो पास बहुतेकांनी पाहिला असेल. दहा सेकंद उरलेले, स्टेफन डिग्ज कडेला, ६१ यार्ड, २९-२४. तिथेही चेंडू कडेकडे, अशा उंचीवर की फक्त रिसीव्हरने उडी मारून घ्यावा. झेल घेऊन सीमेबाहेर पडायचं, घड्याळ थांबवायचं आणि फील्ड गोल मारायचा, एवढीच योजना होती. बचावपटू खालून निसटला म्हणून टचडाउन झाला.

---

केतकी_ह

ओंकार, आभार. आता विक्रम मोडण्याची शक्यता किती? डिलन गेब्रिएल जवळ आला होता ना?

---

सुधन्वा

फार जवळ. सेंट्रल फ्लोरिडा, ओक्लाहोमा, ओरेगन, सहा हंगाम. पासिंग टचडाउनची त्याने बरोबरी केली, दोघेही १५५ वर. पास आणि धाव मिळून कीनमचा १७८ टचडाउनचा विक्रम त्याने २०२४ मध्ये मोडला. यार्डांत मात्र १८,७२२ वर थांबला.

सहा हंगाम मिळाले कारण २०२० चं वर्ष करोनामुळे कुणाच्याच मुदतीत धरलं गेलं नाही. ती सवलत घेतलेली तुकडी एव्हाना जवळजवळ बाहेर पडलीय. त्यात घड्याळाचा नियम बदलल्याने स्नॅपही घटले. पुढच्याला चार हंगामांत करायचं तर सरासरी ४,८०५ यार्ड, एकही हंगाम वाया न घालवता. आणि तेवढं टाकणारा पोरगा तिसऱ्या वर्षानंतर बहुधा ड्राफ्टमध्ये जातो.

गेब्रिएल कमी पडला ४९५ यार्डांनी. कीनमचा पेन स्टेटविरुद्धचा एकच सामना त्याहून मोठा, ५३२ चा. २००२ पूर्वीचा नियम असता तर तो धरलाच गेला नसता, पण तेव्हा गेब्रिएलचे बोल सामनेही वगळले गेले असते. दोघांचे बोल वगळून एकूण किती होतात, ते सामन्यागणिक मांडून पुढच्या प्रतिसादात टाकतो.